थंडीत फिरणारा खडा

पुणे
१२ ऑगस्ट १९९९

नवनाथ,

जयभीम. अक्षरावरून ओळखलंस की नाही माहीत नाही, म्हणून सांगते. मी तेजस्विनी, पेठची. कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तुझ्याच टेबलावर असायचे. तू कॉलेज सोडलंस त्याला तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून आपण बोललो नाही. आमचे बापू म्हणाले, तू वारूळवाडीला कुशाबांच्या वर्कशॉपात लेथवर असतोस. ते अजून एसटीत कंडक्टरच आहेत, त्यांच्या गाडीच्या फेऱ्या नारायणगावला असतात, तेव्हा खिडकीतून दिसतोस म्हणे.

माझं एक काम आहे. मी इथं एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागलेय. अवकाशात बारीकसारीक दगड हिंडत असतात. सूर्याकडची बाजू तापते, पाठ गारठते, आणि ते स्वतःभोवती सावकाश फिरत राहतात. तसं आम्ही एका पोलादी टाकीत करून बघतोय. टाकीतली हवा पंपानं काढून घ्यायची, भिंती गार करायच्या, एका बाजूनं दिवा लावायचा आणि मधोमध हरभऱ्याएवढा खडा फिरवायचा. बाकी सगळं जमलंय, फिरवणंच अडलंय. साध्या बेअरिंगमधलं ग्रीस त्या थंडीत मेणासारखं गोठतं, आणि हवा काढली की तेलाची वाफ सुटून खड्यावर बसते. मोटर टाकीबाहेर राहील. भिंतीपलीकडून लोहचुंबकानं आतला दांडा फिरवायचा. तो दांडा आणि तो ज्यात फिरेल ते घर, एवढं हवंय. तेलाचा थेंब नको, ग्रीस नको, हाताचा घामसुद्धा नको.

आणि एक आधीच सांगते. हे डिसेंबरअखेर जमलं तर सर मला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार आहेत. नाही जमलं तर ती जागा दुसऱ्याला जाईल. नंतर तुला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कागदावर मापं काढून पाठवलीत. जमेल का कळव.

तेजस्विनी

*

वारूळवाडी
१९ ऑगस्ट १९९९

तेजस्विनी,

अक्षर पाकीट हातात घेतल्या घेतल्या ओळखलं. तुझा 'ळ' अजून तसाच पोट सुटल्यासारखा आहे. मी तेव्हा द्राक्षाच्या फवारणीच्या ब्लोअरचा पंखा उघडून बसलो होतो, हात काळे. पोस्टमन म्हणाला, "सही करायची न्हाई, पण हात धू. पुण्याचं हाय." पत्राला तुझ्या प्रयोगशाळेचा वास येतो का बघितलं. डिंकाचा आला.

कुशाबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खडा फिरवायला मशीन? आपल्याकडं पोरं फुकट फिरत्यात राव, एखादं पाठवून दे." मग मापं बघितली आणि कागद उजेडात धरला. बारीक काम आहे.

तुला पेंडुलमचं प्रॅक्टिकल आठवतं का? तू हेलकावे मोजायचीस आणि घड्याळ माझ्या हातात. माझं रीडिंग कधीच बरोबर आलं नाही. सर म्हणायचे, "नवनाथ, घड्याळाकडं बघ." सगळा वर्ग हसायचा, तू नाही. तू नवीन पान काढून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचीस. प्रॅक्टिकल संपलं की स्टँडवर भेळ, आणि तुझ्या गाडीला उशीर व्हावा म्हणून मी मनातल्या मनात ड्रायव्हरचं टायर पंक्चर करायचो. तुझ्या बापूंची गाडी असली की मात्र नाही.

काम करतो. पण गैरसमज नको. तू जाणार म्हणून नाही, जाऊ नये म्हणूनही नाही. काम आलंय म्हणून करतो. दांडा पोलादाचा, घर पितळेचं करतोय. पितळ गुळगुळीत, तेलावाचून चालतं.

किती गार म्हणजे किती गार, ते लिही. डिसेंबरात पहाटे कुकडीच्या पाटात पाय घातल्यावर मेंदूपर्यंत जातं तेवढं, का जास्त?

नवनाथ

*

पुणे
११ सप्टेंबर १९९९

नवनाथ,

वस्तू पोचली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली (हातमोजे घालून). सर म्हणाले, फिनिश सुंदर आहे.

पण अडकली. आम्ही लिक्विड नायट्रोजन वापरतो. ते ओतलं की भाताच्या पातेल्यातून वाफ यावी तसं पांढरं धुकं जमिनीवर पसरतं. त्यापुढं तुझं पाटाचं पाणी उकळतं वाटेल. एवढ्या थंडीत धातू आकसतात, आणि पोलादापेक्षा पितळ जास्त आकसतं. तुझ्या पितळेनं पोलादाला मिठी मारली आणि दांडा जागच्या जागी गच्च. बाहेर काढून ऊब लागल्यावर परत छान फिरायला लागला.

मला वाटतं, घरच नको. दांड्याला खाली आणि वर टोक काढ, आणि दोन्ही टोकं बारीक वाटीसारख्या खळग्यांत राहू देत. भोवऱ्याची आर आठव. एवढा मोठा भोवरा, पण जमिनीला टेकतो किती? टेकणं कमी असलं की आकसून अडकायचंही कमी आणि बाहेरची ऊबही आत कमी जाईल.

तू जुन्या गोष्टी काढल्यास, म्हणून मीही एक काढते. कॅन्टीनसमोर तू त्या मुलाला मारलंस, माफी मागणार नाही म्हणालास, ओळखपत्र फाडून निघून गेलास. लोक सांगतात, नवनाथनं तेजस्विनीसाठी कॉलेज सोडलं. तो माझ्या जातीवरून काय बोलला ते मलाही ऐकू आलं होतं. तसं मी चौथीपासून ऐकत आलेय. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी ठरवणार होते. तू गेलास. मी तिथंच राहिले, आणि मग वर्षभर बापू ड्यूटी बदलून घेऊन मला गेटपर्यंत सोडायला येत होते, कारण आता माझं नाव तुझ्या नावाबरोबर सगळ्या तालुक्यात झालं होतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

दुसरा दांडा कधी पाठवशील?

तेजस्विनी

*

वारूळवाडी
१६ सप्टेंबर १९९९

तेजस्विनी,

पत्र वाचलं. दुसरा माणूस बघ. पुण्यात लेथ कमी नाहीत.

२१ सप्टेंबर

वरचं लिहून पाकीट पाच दिवस खिशात फिरवलं. पेटीत टाकवलं नाही आणि फाडवलंही नाही, म्हणून त्याच कागदावर पुढं लिहितो.

बापूंचं मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी गेलो म्हणजे विषय संपला. इथं लेथवर बसून मी तीन वर्षं स्वतःला हिरो समजत होतो. तो मुलगा आता मंचरला एसटीडीचं दुकान टाकतोय म्हणे. त्याचं काही अडलं नाही, आणि मी अजून दुसऱ्यांच्या पंख्यांना तेल घालतोय.

भोवऱ्याची आर मला शिकवू नको. आमच्या आळीत दुसऱ्याच्या भोवऱ्याला खोच पाडायची तर माझ्याच आरेनं. पण तू म्हणतेस ते खरंय, मला सुचलं नाही. मी बेअरिंगच्या बाहेर विचारच केला नाही. करतो. दोन टोकं, दोन खळगे, सगळं पोलादाचं. दसऱ्याच्या आसपास होईल.

नवनाथ

*

पुणे
३० ऑक्टोबर १९९९

नवनाथ,

दांडा लावला. थंडीत फिरतो की नाही ते कळलंच नाही, कारण तिथपर्यंत गाडी गेलीच नाही. पंप चालू करून ठेवला, तरी टाकीतली हवा एका पातळीच्या खाली उतरेना. कुठून गळती आहे म्हणून आम्ही एकेक सांधा तपासला. सरांना वाटलं मी झाकण नीट आवळलं नाही. शेवटी सगळं उघडून दांडा भिंगाखाली धरला, तर स्क्रूच्या आट्यांत पिवळं आणि लाल. सरांनी चिमट्यानं काढून विचारलं, "व्हॉट इज धिस?" आणि मला त्यांना, आणि जर्मनीहून आलेल्या पाहुण्यांना, हळदकुंकू म्हणजे काय ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं. हळदीत तेल असतं. कुंकवात काय काय असतं देव जाणे. हवा गेली की ते सगळं सुटायला लागतं.

पाहुणे हसले, वाईट अर्थानं नाही. मला मात्र हसता आलं नाही. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून हळदकुंकवाची कोयरी नाही, नवनाथ. बौद्ध झाल्यावर त्यांनी ती मुद्दाम बाहेर ठेवली होती. आणि इथं ती माझ्या प्रयोगात माझ्याच नावावर निघाली.

आता टाकी तापवून स्वच्छ करायची. टाकीवरची माझी पाळी दुसऱ्या मुलाला गेली. मला पुन्हा डिसेंबरच्या मध्यावर मिळेल. ती शेवटची.

कसं झालं ते कळव.

तेजस्विनी

*

वारूळवाडी
५ नोव्हेंबर १९९९

तेजस्विनी,

खंडेनवमीला झालं. कुशाबाची आई ठकूबाई दरवर्षी शॉपमधल्या झाडून सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लावते. लेथ, ड्रिल, पाने, कुशाबाची लुना, टीव्हीचा रिमोट. तुझा दांडा बाकावर कागदावर ठेवलेला होता. म्हातारीनं विचारलं, "हे कुणाचं रं? लई नाजूक हाय." मी म्हणालो, "माझं." तिनं बोट टेकवलं आणि झेंडूची पाकळी ठेवली. नंतर मी फडक्यानं पुसला. आट्यांत बघितलं नाही.

तुमच्या घरात कोयरी नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्याकडं भाकरी खायला आलो होतो एकदा, भिंतीवर काय आहे आणि काय नाही ते बघितलं होतं. पण दांडा तुझा आहे हेच त्या क्षणी डोक्यात नव्हतं. वाटलं, माझा आहे. मी केला म्हणून माझा. कॅन्टीनसमोर पण तसंच वाटलं होतं बहुतेक.

आणि खोटं कशाला लिहू. तुझं पत्र वाचलं, बिघडलं म्हणून कळलं, तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. एक अख्खा दिवस बरं वाटलं. खडा फिरला नाही तर तू जात नाहीस. लेथ बंद करून पाटावर जाऊन बसलो, तिथनं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या दिसतात, त्यांच्याकडं बघत बसलो. त्या एवढ्या सावकाश वळतात की बघताना वळत नाहीत. घरी आलो तर आई म्हणाली, "आज खुशीत हायस, काय झालं?" तिला काय सांगणार, कुणाचं तरी काम बुडालं म्हणून.

आता मी पुढचा करू का नको, हे तू सांग. मला माझ्या हातांचा भरवसा आहे. माझा नाही.

नवनाथ

*

पुणे
१२ नोव्हेंबर १९९९

नवनाथ,

तुला बरं वाटलं असेल हे मला पत्र यायच्या आधीच माहीत होतं. लिहिलंस ते बरं केलंस.

पुण्यात असं काम करणारे चार-पाच जण तरी आहेत. सर मला म्हणत होते, भोसरीला दे. मी तुला लिहिलं, कारण जायच्या आधी ते कॅन्टीनसमोरचं मिटवायचं होतं आणि नुसतं 'कसा आहेस' असं लिहायला मला जमेना. काम असलं की मला लिहिता येतं. काम नसलं की पेन अडकतं, तुझ्या पितळेसारखं.

करायचा की नाही ते मी सांगणार नाही. बिघडवायचा असेल तर बिघडव, पण मग पाठवू नको. पाठवशील तर असा पाठव की मी जाऊ शकेन.

मेडिकलमधून हातमोजे घे. धुवायचं कसं ते मागच्या पानावर लिहिलंय. १० डिसेंबरच्या आत हवा.

तेजस्विनी

*

वारूळवाडी
६ डिसेंबर १९९९

तेजस्विनी,

डबा मिळाला असेल, हे पत्र मागून टाकतोय. पोस्टावर भरवसा नाही म्हणून मी स्वतः घेऊन आलो आणि तुमच्या गेटवर वॉचमनकडं दिला. आत सोडू का म्हणाला. नको म्हणालो. कपड्यांना कटिंग ऑइलचा वास येतो. तुझ्या टाकीला चालायचा नाही.

पाठवलेला तिसरा आहे हा. मधे आणखी एक केला होता. टोकाला केसाएवढा बाक होता. कुणाला दिसला नसता. आठ दिवसांनी अडकला असता आणि कुणाचंही नाव आलं नसतं. तो तसाच हातात घेऊन लई वेळ बसलो. मग एरणीवर ठेवला आणि हातोडा घातला. कुशाबा ओरडला, "आरं चांगला व्हता की!" म्हणालो, "नव्हता."

हा सकाळी केला, दुकान उघडायच्या आधी. ठकूबाई चहा घेऊन आली तर तिला दारातच थांबवलं. म्हणाली, "काय रं, सोन्याचं करतोस का?" म्हणालो, "लांब हो आजी, हात लावायचा न्हाई." ती म्हणाली, "मग असं म्हण की पोरीचं हाय," आणि चहा उंबऱ्यावर ठेवून गेली.

टोक घड्याळजीच्या भिंगाखाली घासलंय. तू लिहिलं तसं धुतलंय. डब्यातून काढल्यावर फुंकर मारून बघ, फिरतो. तुझ्या टाकीत फुंकर नाही, पण तिथंही फिरेल.

जा आता.

नवनाथ

*

पुणे
२० डिसेंबर १९९९

नवनाथ,

फिरतोय.

पंपानं हवा काढली, थंडी भरली, बाहेरून मोटर लावली. सुरुवातीला मला वाटलं, अडकलाच. मग सरांनी सांगितलं, इतक्या लवकर कळणार नाही, एका फेरीला जवळजवळ दिवस लागेल असाच वेग लावलाय. मी जेवून आले तर दिव्याच्या उजेडाची कड खड्याच्या दुसऱ्या खळीवर गेली होती. सर माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "पासपोर्टचं काय झालं?"

२६ ला रविवार आहे. टाकी त्या दिवशी चालू असेल, दुसरं कुणी नसेल. सकाळी लवकर ये. कपड्यांना कसला वास येतो ते टाकीला कळत नाही, ती बंद असते. वॉचमनला सांगून ठेवते.

तेजस्विनी

*

वारूळवाडी
२८ डिसेंबर १९९९

तेजस्विनी,

परवा मी फार बोललो नाही. तू विचारलंस, राग आला का. राग नव्हता. त्या गोल काचेतून मी बघत होतो आणि ते फिरताना दिसत नव्हतं. मला वाटलं होतं भोवऱ्यासारखं गरगर फिरेल. तर तो खडा गप उभा, एका अंगाला उजेड, एका अंगाला काळोख. तू म्हणालीस, "बघत राहिलास तर दिसणार नाही. चहा घेऊन ये." चहा घेऊन आलो तरी तसाच. मग तू मला त्याच्या पाठीवरचा पांढरा डाग दाखवलास आणि तो संध्याकाळी उजेडात येईल म्हणालीस. तेव्हाच मी ठरवलं, तो येईपर्यंत उठायचं नाही.

आपण दिवसभर बसलो. तू डबा आणला होतास, मेथीची भाजी नि भाकरी. पेंडुलमवरून बोललो, त्या सरांच्या टोपीवरून बोललो, पेठच्या घाटात तुझी गाडी बंद पडली होती त्यावरून बोललो. कॅन्टीनवरून नाही. ते पत्रात झालं होतं. आणि मधे किती वेळ नुसता पंपाचा आवाज. मला आठवत नाही मी आयुष्यात एवढा वेळ न भांडता कुठं बसलो होतो. डाग उजेडात आला तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. मला विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तुझं पेन अडकतं तशी तू अडकली असतीस. जायच्या माणसाला मधे अडकवायचं नाही म्हणून तर तिसरा दांडा केला.

नाशिकच्या शेवटच्या गाडीत चढलो तर कंडक्टर बापू. माझ्याकडं बघून म्हणाले, "काय पावणं, कुठून?"

म्हणालो, "पोरीच्या लॅबमधून."

गाडीनं राजगुरुनगर सोडलं. मग सगळी तिकिटं फाडून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"फिरतंय का?"

"फिरतंय."

"मग जाती पोरगी."

"जाती."

ते खिडकीबाहेर बघत होते. पेठ आलं तेव्हा त्यांनी सवयीनं दोरी ओढली. तिथं कुणी उतरणारं नव्हतं. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, आणि बापू म्हणाले, "चालू दे, चालू दे."

जपून जा. तिथं बर्फ असतं म्हणे. पण तुला थंडीचं कुणी सांगायला नको.

नवनाथ

*

जर्मनी
४ नोव्हेंबर २००१

नवनाथ,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. मी दोनच पाठवली, हे खरंय. काम नव्हतं.

आता आहे. दांडा मी सोबत आणला होता. इथली यंत्रं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहेत, तरी माझ्या खड्याला इथंही तोच लावला. जवळजवळ दोन वर्षं फिरला. आता खालचं टोक झिजलंय आणि खडा मधेच थांबून झटका देतो. इथल्या वर्कशॉपला सांगितलं तर आठवड्यात नवा करून देतील, तुझ्याइतकाच चांगला, कदाचित जास्त. तरी तुला विचारतेय.

जानेवारीत माझी दोन वर्षं संपतात. सर इथले चांगले आहेत, आणखी तीन वर्षं थांब म्हणतात. मला ठरवता येत नाही. इथं संध्याकाळी पाचला अंधार पडतो. काल बाजारात द्राक्षं दिसली, दुसऱ्याच कुठल्या तरी देशाची, आणि मी त्यांच्यासमोर नुसतीच उभी राहिले. दुकानवालीनं दोनदा विचारलं, किती देऊ. मला नारायणगावच्या बाजारात आई भाव करते तसा भाव करावासा वाटला आणि तेवढं जर्मन मला येत नाही.

मापं तीच आहेत. करशील का?

तेजस्विनी

*

वारूळवाडी
२२ नोव्हेंबर २००१

तेजस्विनी,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी आलं. दांडा गुरुवारी झाला. आज पुन्हा बघितला, चांगला झालाय.

पोस्टात गेलो होतो. खिडकीवरच्या बाईनं डबा काट्यावर ठेवला, परदेशाचा फॉर्म दिला. नाव लिहिलं, पत्ता अर्धा लिहिला आणि डबा उचलून परत आणला. बाई म्हणाली, "का हो, पाठवायचं न्हाई का?" म्हणालो, "न्हाई."

मागच्या वेळी तू जावीस म्हणून केला होता. तेव्हा विचारलं नाही. आता विचारतो, आणि पत्रात विचारतोय म्हणजे तुला तोंडावर उत्तर द्यायची अडचण नाही. माझ्याशी लग्न करशील का? घरचे काय म्हणतील ते मला माहीत आहे. त्यांना काय सांगायचं ते या वेळी आपण दोघं बसून ठरवू. मी एकटा उठून कुणाला मारायला जाणार नाही. बापूंना मी अजून काही बोललो नाही. आधी तू.

तीन वर्षं थांबायचं असेल तर थांब. तिथल्या वर्कशॉपात दांडा करून घे, तो चांगलाच होईल, मला त्याचं काही वाटणार नाही.

पण हा मी पाठवत नाही. इथं आहे, बाकावर, डब्यात. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

नवनाथ